ठराव, पॅनेल आणि सोयरीक

साक्री तालुक्यातल्या शेतकऱ्याला पीककर्ज हवं तर गावची विकास सोसायटी, कांदा विकायचा तर बाजार समिती, पोराला शाळेत चिकटवायचं तर एखादी शिक्षण संस्था. या तिन्ही ठिकाणी खुर्चीवर बसलेली माणसं एकमेकांची कोण लागतात, हे कुठल्याही कार्यालयात लिहून ठेवलेलं नसतं. ज्याला ते ठाऊक आहे त्याचं काम एका फोनवर होतं, ज्याला नाही तो चपला झिजवतो. हे मला सहन होत नाही, म्हणून मी हा गुंता कागदावर मांडायला घेतला.

सुरुवात सोपी आहे. वहीत दोन रकाने, एकात माणूस, दुसऱ्यात संस्था. सोसायट्यांचे संचालक सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात कळतात, शिक्षण संस्थांचे विश्वस्त धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवर असतात, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तर सगळ्यांना खुली आहेत. मग मोठ्या कागदावर संस्थेला चौकोन, माणसाला गोल आणि मधे रेघ.

खरी झटापट होते ती नावांशी. खानदेशात पाटलांना काय तोटा! त्यात दप्तरी पूर्ण नाव, बॅनरवर ‘नानासाहेब’ आणि गावात नुसतेच ‘आबा’. हे तिघं एकच की तिघं वेगळे? वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय मी दोन गोल एक करत नाही, कारण एक खोटी जोडणी झाली की नसलेली युती कागदावर उभी राहते. पारावरची म्हातारी माणसं मात्र ‘तू कोना घरना शे?’ एवढं विचारून तीन पिढ्या लावून मोकळी होतात. त्यांच्याशिवाय हे काम पुढे सरकलंच नसतं.

रेघा वाढल्या की सत्तेचा जिना दिसू लागतो. बाजार समितीत 18 संचालक असतात, त्यातले 11 सोसायट्यांच्या मतदारसंघातून येतात. 4 ग्रामपंचायतींचे, 2 व्यापाऱ्यांचे आणि 1 हमाल-मापाड्यांचा. जिल्हा बँकेत तर सोसायटीचं मत एकच, आणि ते कोण टाकणार याचा ठराव संचालक मंडळ करतं. तेरा जणांच्या मंडळात सात माणसं आपली असली की ठराव आपला. ‘ठराव कोना नाववर व्हयना?’ हा प्रश्न बँकेच्या निवडणुकीआधी गावोगाव विचारला जातो तो म्हणूनच. साक्रीची विधानसभेची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. त्यामुळे बाकीच्या घराण्यांची सगळी ईर्षा सहकारात उतरते, असं मला वाटतं. पांझरा-कान साखर कारखाना कित्येक वर्षं बंद राहिला, पण त्याच्या जुन्या संचालकांची नावं कागदावर मांडली तर आजच्या पॅनेलांतली बरीच घरं तिथे आधीच एकत्र बसलेली सापडतात.

आता सगळ्यात जास्त रेघा ज्याच्या गोलाला, तोच सगळ्यात वजनदार का? लिंटन फ्रीमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1977 साली यासाठी वेगळं माप सुचवलं. इतर दोघांमधली सर्वांत जवळची वाट किती वेळा एका माणसातून जाते, ते मोजायचं. माझ्या कागदावर हे माप लावताना डोळ्यांपुढे आला तो सोसायट्यांचं दप्तर सांभाळणारा गटसचिव. तो संचालक नाही, लग्नपत्रिकेत नाही, बॅनरवर नाही. पण चार-पाच सोसायट्यांची प्रोसिडिंग बुकं त्याच्या पिशवीत असतात. सभेची नोटीस तोच काढतो आणि ठरावाचा मजकूरही तोच लिहितो. संस्थेच्या याद्यांवर विसंबून राहिले असते तर हा माणूस मला दिसलाच नसता.

दुसरी गोष्ट सापडली लग्नपत्रिकांत. पत्रिका मी आता बातमीसारखी वाचते. निमंत्रक कोण, ‘प्रमुख उपस्थिती’त कोणाचं नाव कोणाच्या आधी, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे मामांची ओळ. मामा कोणत्या गावचे हे कळलं की आईचं माहेर कळतं, आणि दोन घराण्यांमधली रेघ मिळते.

सोयरिकीच्या अशा रेघा मांडण्याला थोर आधार आहे. जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर अँसेल यांनी 1993 साली पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या घराण्यांची लग्नं, व्यापार आणि कर्जव्यवहार असेच मांडले. मेडिची घराणं वर चढलं, कारण एकमेकांशी संबंध नसलेली घरं सोयरिकीने आणि व्यवहाराने त्याच्याशी बांधली गेली होती. आपल्याकडे अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या युतींचा अभ्यास केला आणि 1974 साली त्यावर पुस्तक लिहिलं.

घराण्यांना जोडतात त्या लेकी, पण माझ्या पहिल्या कागदावर लेकींना गोलच नव्हता. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, म्हणजे सरपंचांच्या यादीत बायका भरपूर. नाव मात्र नवऱ्याचं आणि सासरचं लावलेलं. माहेर गायब! म्हणून मी वहीत तिसरा रकाना आखला. तो भरायला कुठलं कार्यालय उपयोगी नाही, ओट्यावर बसलेल्या बायांना विचारावं लागतं. ‘ती कासारेवालासनी पोर शे’, असं एकीने सांगितलं की दुसरी तिची मावसबहीण कुठे दिली तेही सांगते. यातली मी फक्त सार्वजनिक पदावरच्या माणसांची नाती कागदावर घेते, बाकी ऐकून सोडून देते. कोणाच्या घरातलं चव्हाट्यावर आणायला मी बसलेले नाही.

हा रकाना भरल्यावर एका गावच्या सोसायटीत समोरासमोर लढलेल्या दोन पॅनेलांचे म्होरके साडू निघाले. दोघी बहिणी त्याच गावात दिलेल्या. प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेल्या या दोघांच्या मंडळात पुढे जिल्हा बँकेचा ठराव बिनविरोध झाला. प्रोसिडिंगमध्ये त्याची एकच ओळ आहे, ‘सर्वानुमते मंजूर’. आता पिंपळनेरकडच्या सोसायट्यांच्या याद्यांवर तोच रकाना भरायला घेतला आहे.