साबणाची पारख

मुलांनो, साबण घेताना आपण काय पाहतो? रंग, वास आणि वेष्टनावरचे चित्र! (मराठीतला 'साबण' आणि उर्दूतला 'साबुन' हे दोन्ही एकाच अरबी शब्दापासून आले आहेत.) पुष्कळ लोक फेसावरून साबणाची परीक्षा करतात. ही परीक्षा खरी आहे का, ते पाहू.

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी भरा, दुसरीत आपल्या कळंबमधल्या एखाद्या बोअरचे पाणी तेवढेच भरा. दोन्हींत एकाच साबणाचा सारखा कीस टाकून बाटल्या सारख्याच हलवा. पावसाच्या पाण्यात भरपूर फेस येईल. बोअरचे पाणी जड असेल, तर त्यात फेस कमी येईल आणि पांढरट साका जमेल. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात, म्हणून असे होते. साबण तोच, फरक पाण्याचा! तेव्हा दोन साबणांची तुलना करायची असेल, तर पाणी एकच घ्यावे.

खरी पारख वेष्टनावर असते. तेथे 'टीएफएम' ही अक्षरे शोधा. साबणात स्निग्धाम्ले किती टक्के आहेत, हे त्यावरून कळते. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणाच्या पहिल्या दर्जासाठी हे प्रमाण किमान ७६, दुसऱ्यासाठी ७० आणि तिसऱ्यासाठी ६० टक्के लागते. 'बाथिंग बार' लिहिलेल्या वडीला ४० टक्केही चालते. दुकानात मात्र दोन्ही वड्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात.

अशी तपासणी संस्थाही करतात. मुंबईत १९६६ साली काही गृहिणींनी स्थापन केलेली 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' बाजारातील वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेत आली आहे. वजन पाहायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. एक वडी १०० ग्रॅमची, दुसरी ७५ ग्रॅमची, आणि वेष्टनात दोन्ही सारख्याच दिसतात!