घराबाहेरची एक खोली

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेने भाड्याची खोली सोडली. सगळं ऑनलाइन चालत असताना जागेवर खर्च कशाला, अशी विचारणा देणगी देणाऱ्या कंपनीकडून पत्राने आली होती. कार्यकारिणीला ती पटली. सतरंज्या आणि तक्त्यांच्या गुंडाळ्या एका कार्यकर्तीच्या माळ्यावर गेल्या, कपाट विकलं. त्याच पत्रात आणखी एक सूचना होती : थेट सत्रं कमी करावीत आणि चित्रित केलेले छोटे भाग पाठवावेत, म्हणजे एकाच खर्चात हजारोंपर्यंत पोचता येईल.

कुटुंबजीवन शिक्षण हे माझं काम. लग्न ठरलेल्या मुलामुलींशी, वयात येणाऱ्या मुलींशी, त्यांच्या आईवडिलांशी, नव्याने सासू झालेल्या बायकांशी बोलायचं. शरीर, पैसा, रुसवेफुगवे, मूल हवं-नको, म्हातारपण, जे घरात असतं पण बोललं जात नाही ते सगळं. गेली दहा वर्षं त्यातलं बरंचसं मी फोनवर आणि पडद्यावर केलं आहे आणि ते मनापासून केलं आहे. म्हणून ही खोली गेल्याचं मला जे लागलं, ते जुन्या पद्धतीच्या मोहापायी लागलेलं नाही.

दुरून शिकवणं महाराष्ट्रात फार जुनं आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. त्या मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरं असत. घरात, वैद्याकडे, मित्राकडेही विचारता येणार नाही ते लोक पत्रात लिहीत आणि कर्वे सरळ मराठीत उत्तर छापत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला, ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक नोव्हेंबर 1953 पर्यंत निघत राहिलं, कर्वे गेल्यानंतरच थांबलं. विचारणाऱ्याला पाहिल्याशिवाय, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांनी हे केलं. पण पत्र लिहिणारा ते कुठे बसून लिहायचं हे स्वतः ठरवत होता आणि कधी, हेही. कामाच्या जागी, वाचनालयात, आगगाडीत. उत्तर छापून आलं तरी ते कोणासाठी आहे हे घरच्यांना कळत नव्हतं.

पुढची काही दशकं मी भरभर उलटते. 1949 मध्ये मुंबईत आवाबाई वाडिया आणि धन्वंती रामा राव यांनी कुटुंब नियोजन संघटना उभी केली, हे मोठं काम होतं. पण सरकारी कार्यक्रमाने पुढे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवला आणि कुटुंब म्हणजे मुलांची संख्या एवढाच अर्थ उरला. आणीबाणीत सक्ती झाली. महाराष्ट्राने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच आणलं. त्या भीतीचा वास आमच्या कामाला पुढे कित्येक वर्षं येत होता. मी काम सुरू केलं तेव्हाही खेड्यातल्या आजीबाई ‘ऑपरेशनवाली आली’ म्हणून दार लावून घ्यायच्या.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला हवा बदलली. पुण्यात 1987 मध्ये ‘पालकनीती’ निघालं, 1989 मध्ये विद्या बाळांचं ‘मिळून साऱ्याजणी’. डॉ. अनंत आणि शांता साठे तरुणांशी लैंगिकतेबद्दल मोकळेपणाने बोलत होते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी पुढे हेच काम गावोगावच्या मुलामुलींपर्यंत नेलं. माझ्या पिढीच्या कार्यकर्त्या या लोकांना ऐकून घडल्या. आमचं मुख्य साधन म्हणजे मिठाईचा रिकामा खोका. झाकणाला चीर पाडायची, कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि प्रत्येकीने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर देवाचं नाव लिहायचं, असा नियम. म्हणजे कोण लिहितं आणि कोण नाही हे कोणाला कळत नाही. त्या खोक्यातून जे निघायचं ते कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. ‘पाळी आली की मला शिवायचं नाही म्हणतात, पण भांडी मीच घासते, ते कसं चालतं?’ ‘काका मांडीवर बसवतात, नको म्हणायचं कसं?’

हा खोका शाळांतून उचलला गेला तो 2007 मध्ये. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्या वेळी ज्यांनी ‘आमच्या संस्कृतीत हे घरातच शिकवलं जातं’ असं ठासून सांगितलं, त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. घरात काय शिकवलं जातं ते आम्ही चिठ्ठ्यांत वाचत होतो. काकाबद्दल लिहिणाऱ्या मुलीला तिच्या घराने काय शिकवलं असतं? 2012 मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध पॉक्सो कायदा आला तेव्हा तेच लोक शाळांत ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’चे तक्ते लावण्याच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणून आले. मधल्या पाच वर्षांत शाळेत गेलेल्या मुलींना कोणी विचारलं नाही.

मला खरं सांगायचं आहे ते त्यानंतरच्या दशकाबद्दल, 2014 ते 2024.

त्याची सुरुवात दोन गोष्टींनी झाली. 1 एप्रिल 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं कायद्याने बंधनकारक झालं. आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं. पहिल्या गोष्टीने आम्हाला पैसे दिले, दुसरीने रस्ता. तोपर्यंत बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांशी आमचा संबंध दिवाळीनंतर तुटायचा. उचल घेतलेली माणसं कोल्हापूर-सांगलीच्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जात आणि हंगाम संपून परतेपर्यंत मुली कधी लग्न होऊनच परतत. फोनमुळे तो धागा सहा महिने टिकू लागला. कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून, बाई बोलायची, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज असायचा. फोन बहुधा एकच, नवऱ्याच्या खिशातला, पण संध्याकाळी तो गाडी भरायला गेला की तिच्या हातात यायचा. या बायकांशी मी समोरासमोर जेवढं बोलले नसते तेवढं फोनवर बोलले. हे श्रेय दुरून होणाऱ्या कामाचंच आहे आणि ते मी कोणाला काढून घेऊ देणार नाही.

लग्न ठरलेल्या जोडप्यांचंही तसंच. मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला, साखरपुडा झालेला आणि लग्नाआधी एकत्र बसायला दोन रविवारसुद्धा नाहीत. पडद्यावर तिघं भेटू लागलो. पगार कोणाच्या खात्यात जाणार, मुलीच्या आईवडिलांना पैसे पाठवायचे का, सणाला कुठे, हे प्रश्न दोघं आपापल्या खोलीत बसून जास्त धीटपणे बोलली. आणि पुरुष! पालक मेळाव्याला वर्षानुवर्षं आयाच यायच्या. ऑनलाइन सत्रात वडील येऊ लागले. कॅमेरा बंद, नाव फक्त आडनावापुरतं, पण शेवटपर्यंत थांबायचे. मुलाशी बोलायला मला भीती वाटते, असं एका बापाने मला बंद कॅमेऱ्याआडूनच पहिल्यांदा सांगितलं.

मग मार्च 2020 आला.

टाळेबंदीत आमचं सगळं काम एका आठवड्यात पडद्यावर गेलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की इतके दिवस फोन चालत होता तो घर अधूनमधून रिकामं होत असल्यामुळे. नवरा कामावर, सासू देवळात, मुलं शाळेत; त्या फटीतून बायका बोलत होत्या. फट बुजली. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल 2020 मध्ये तक्रारीसाठी व्हॉट्सअॅप क्रमांक दिला, कारण घरात कोंडलेली बाई फोनवर बोलू शकत नाही. लिहिणंही सोपं नव्हतं. फोन सगळे बघत. सांगलीकडच्या एका सुनेने माझ्याशी ठरवून घेतलं होतं : तिने मध्येच ब्लाउजच्या मापाबद्दल बोलायला सुरुवात केली की कोणीतरी खोलीत आलं असं मी समजायचं आणि मीही शिंपिणीसारखं बोलायचं. कित्येकदा आमचं सगळं बोलणं मापातच संपलं.

किशोरी सत्रांचं आणखी वाईट झालं. चिठ्ठ्यांच्या खोक्याची जागा चॅटने घेतली आणि चॅटमध्ये प्रश्नाशेजारी नाव दिसतं. व्हॉट्सअॅपच्या गटात तर नंबरही दिसतो. मुलींनी विचारणं बंद केलं. विचारलं ते वहीत उतरवून घेण्यासारखं : हिमोग्लोबिन किती हवं, आहार कोणता. एकदा एका मुलीने माइक उघडून ‘ताई, एक विचारू का’ एवढंच म्हटलं आणि मागून तिच्या आईचा आवाज आला, ‘विचार ना, मीही ऐकते.’ आई प्रेमानेच म्हणाली. मुलीने आहाराबद्दल विचारलं.

शाळा ऑक्टोबर 2021 मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडेपर्यंत दीड वर्ष गेलं. लग्नाला आधी पन्नास, मग पंचवीस माणसांची मर्यादा आली. कर्जबाजारी बापाला याहून स्वस्तात मुलगी उजवता आली नसती. वर्गात परत आल्यावर हजेरीपटावरची काही नावं लाल शाईने खोडलेली होती. महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे साथ यायच्या आधी 2019 मध्येच, जवळपास 22 टक्के होतं. टाळेबंदीत लग्न झालेल्या ज्या मुली आमच्या सत्रांना पडद्यावर हजर होत्या, त्या लग्न ठरल्याचं सांगू शकल्या नाहीत, कारण ठरवणारी माणसं त्याच खोलीत बसलेली होती.

कुटुंबाबद्दल बोलायला कुटुंबाच्या बाहेरची जागा लागते, ही साधी गोष्ट त्या दीड वर्षाने आम्हाला शिकवायला हवी होती. झालं उलट. साथ ओसरली आणि अहवालांत ‘लाभार्थी संख्या’ कित्येक पट झालेली दिसली. गटात जोडलेले सगळे नंबर लाभार्थी, ध्वनिफीत उघडणारे सगळे लाभार्थी. देणगीदारांना तो आकडा आवडला. कोणी किती वेळ ऐकलं, कोणाच्या देखत ऐकलं, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता आणि आम्ही मागूनही तो घातला गेला नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशातल्या 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया दुसऱ्याच्या फोनवर आम्हाला भेटणार, हे माहीत असताना त्यांच्यासाठी लैंगिक संबंधातल्या संमतीवर चित्रफीत पाठवायची आणि ‘पोचलो’ म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि आता तर कंपनीला थेट सत्रसुद्धा नको आहे. चित्रित भागात सगळं व्यवस्थित सांगता येईल, कार्यकर्ती थकणार नाही, चुकणार नाही, असं पत्रात आहे. चित्रफितीला मध्येच थांबता येत नाही. ब्लाउजच्या मापाचं नाटक तिला जमणार नाही. ऊसतोडीच्या कोपीतली बाई पाच मिनिटं नुसती रडली तर तिचं ऐकून घेणारं पलीकडे कोणी नसेल. दुरून काम करताना आमच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, पलीकडचं जिवंत माणूस, आणि तेही खर्चात धरून कापायला निघाले आहेत.

त्या भाड्याच्या खोलीत फार काही नव्हतं. एक पंखा, पाण्याचा माठ, आतून कडी लागणारं दार. पण टाळेबंदीनंतर माझ्याशी फोनवर बोलणाऱ्या बायकांपैकी काही जणी तिथे येऊन फोन करायच्या. मी दुसऱ्या गावाहून बोलत असायचे आणि त्या खोलीत बसून, कडी लावून बोलायच्या. दवाखान्यात जाते, बाजारात जाते असं सांगून निघायच्या. शेजारच्या वस्तीतल्या दोन मुली आळीपाळीने खोलीतला आमचा फोन वापरायच्या. दुरून काम करण्याची सगळ्यात चांगली पद्धत आम्हाला तिथे सापडली होती : शिकवणारी कुठेही असो, बोलणारीला मात्र घराबाहेर दार लावून बसायला मिळालं पाहिजे.

याला भाडंही लागायला नको. गावोगावच्या अंगणवाडीची इमारत दुपारनंतर बंद असते. ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रं आहेत. आम्ही पाहिलेल्या काही ठिकाणी त्यांच्या खोलीत खोके रचून ठेवलेले आहेत. आठवड्यातल्या दोन दुपारी त्यातली एखादी खोली उघडावी, एक फोन आणि चार्जर ठेवावा, किल्ली आशाताईकडे द्यावी आणि तिला त्या वेळेचे पैसे द्यावेत. आमच्या तालुक्यातल्या तीन गावांच्या सरपंचांकडे मी हा अर्ज दिला आहे, एकाने होकार कळवला आहे. कंपनीलाही तेच लिहून पाठवलं आहे आणि सोबत हेही कळवलं आहे की ऊसतोडीचा पुढचा हंगाम संपेपर्यंत मी कुठलाही भाग चित्रित करणार नाही, कारण संध्याकाळी फोन येतील तेव्हा ते उचलायला मी मोकळी असायला हवी.