एका खाटेवर एकच इलेक्ट्रॉन

मेण, साखर, प्लास्टिक हे कार्बनी पदार्थ विजेला वाट देत नाहीत, असे आम्ही शाळेत शिकलो. शास्त्रज्ञांनी मात्र कार्बन-गंधकाच्या रेणूंपासून वीज वाहणारे स्फटिक घडविले. शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९० मध्ये सिद्ध केलेल्या अशाच एका स्फटिकात रेणूंच्या प्रत्येक जोडीवर एक सुटा इलेक्ट्रॉन असतो.

आपल्या वसतिगृहाची खोली आठवा. प्रत्येक खाटेवर एकच विद्यार्थी. शेजारच्या खाटेवर जावे तर दोघांचीही अडचण. इलेक्ट्रॉनही परस्परांना दूर सारतात, म्हणून जागीच खिळतात आणि वीज अडते. एकाचे वागणे असे दुसऱ्यावर अवलंबून असणे, हाच इलेक्ट्रॉनांचा सहसंबंध. उणे २४६ अंश सेल्सिअसच्या सुमारास शेजाऱ्यांची सूक्ष्म चुंबके आळीपाळीने उलट दिशांना लागतात. एकाचे डोके तिकडे दुसऱ्याचे पाय. हे प्रतिलोहचुंबकत्व होय.

याच स्फटिकावर सुमारे ३०० वातावरणांचा दाब दिला, की रेणू जवळ येतात, इलेक्ट्रॉनांची ये-जा सुलभ होते आणि उणे २६० अंशांच्या आसपास वीज विनारोध वाहू लागते. रेणू तेच, इलेक्ट्रॉन तेच. बदलली ती परिस्थिती. ‘हा मूळचाच असा’ हे वाक्य निर्जीव स्फटिकाबाबतही टिकत नाही. मग एखाद्या मुलाविषयी ते उच्चारण्यापूर्वी आम्ही शिक्षकांनी थांबावयास हवे.