दावणीला बांधलेले अभियंते

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी घोषणापत्र काढून एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती जवळजवळ सर्वस्वी रकमेची. एवढे डॉलर म्हणजे रुपये किती, कंपन्या ते भरतील काय आणि आता आपल्या मुलांचे कसे व्हायचे, हे प्रश्न घरोघरी निघाले. ते स्वाभाविकच होते. परंतु या व्हिसातील मूळ दोष रकमेत नाही आणि संख्येतही नाही.

१९९० च्या कायद्याने हा व्हिसा आजच्या स्वरूपात आला. वर्षाला ६५ हजारांची मर्यादा होती. संगणक-व्यवसायाच्या भरभराटीत ती १ लाख ९५ हजारांपर्यंत चढली आणि २००४ पासून पुन्हा मूळ पदावर आली. अमेरिकी विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी तेवढी २० हजारांची भर पडली. अर्ज जागांहून कितीतरी अधिक येत, म्हणून वर्षानुवर्षे चक्क सोडत काढली जाई. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्या देशाने गुणवंतांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी, यातील विनोद बाजूला ठेवू.

खरी मेख पुढे आहे. हा अर्ज अभियंत्याचा नसतो, मालकाचा असतो. मुदत तीन वर्षांची, वाढवून सहा. नोकरी सुटली की फार तर साठ दिवसांत दुसरा मालक गाठायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. २००० च्या कायद्याने मालक बदलणे सोपे केले हे खरे. तथापि तेथेही नव्या मालकाने अर्ज केलाच पाहिजे. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्डही बहुधा मालकाच्याच कृपेने मिळायचे. नोकरीच्या आधारे अशी वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार कार्डे देण्याची तरतूद आहे आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील सात टक्क्यांहून अधिक सहसा जात नाहीत. आइसलंडला जो नियम, तोच भारताला! परिणामी भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. या अवधीत मुले तेथेच वाढतात आणि एकविशी ओलांडली की बहुधा आईबापांच्या अर्जातून गळतात.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्यानंतर शिक्षकांच्या, कारकुनांच्या घरांतूनही परदेशी जाणारे अभियंते निघू लागले. फंडातून उचल घेऊन आणि बँकेचे कर्ज काढून धाडलेला हा मुलगा पगारवाढ मागताना किंवा रविवारच्या कामाला नकार देताना का अडखळतो, हे त्याच्या वडिलांना कळत नाही. तो फोनवर सांगतही नाही.

अशा अडखळणाऱ्या माणसाची किंमत तेथील अभियंताही मोजतो. २०१५ साली फ्लॉरिडातील डिस्ने कंपनीने संगणक विभागातील सुमारे अडीचशे जणांना कमी केले. त्यांपैकी काहींना जाण्यापूर्वी, आपल्या जागी येणाऱ्या भारतीयांना काम शिकवावे लागले. त्यांनी लावलेले दावे २०१६ मध्ये न्यायालयाने फेटाळले. ज्या कंपन्या मुख्यतः एच-१बी कर्मचाऱ्यांवर चालतात त्यांनी स्थानिकांना हटवून परदेशी माणूस आणू नये, असे बंधन १९९८ च्या कायद्यात आहे. पण त्या माणसाला वर्षाला ६० हजार डॉलर दिले की ते बंधन गळून पडते. सत्तावीस वर्षे उलटली तरी २०२५ मध्ये हा आकडा तोच होता. दरम्यान घरभाडी कोठे गेली, हे कॅलिफोर्नियात राहणाऱ्या कोणालाही विचारावे.

‘भारतीय आमच्या नोकऱ्या घेतात’ असे तेथे म्हटले जाते आणि ‘ते आमचा द्वेष करतात’ असे येथे. दोघांच्याही गळ्यातील दोरीचे टोक एकाच हातात आहे, याची वाच्यता मात्र फारशी होत नाही. पहिल्या वर्षानंतर व्हिसा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नावे झाला आणि त्याला मनाजोगती नोकरी धरण्या-सोडण्याची मोकळीक मिळाली, तर स्वस्त आणि मुका म्हणून त्याला आणण्यात मालकाला स्वारस्य उरणार नाही.

आपल्या सरकारने मार्च २०१६ मध्ये अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली होती. तिच्यात दोन मुद्दे होते: व्हिसाचे वाढविलेले शुल्क आणि व्हिसांची संख्या.