गरोदरपण आणि मूत्रपिंड

कामगार संघटनेच्या माणसाने मूत्रपिंडावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पण प्रसूतिरजेचे अर्ज भरून देताना बायकांच्या दवाखान्याच्या कागदांवर ‘बी.पी. वाढले, लघवीत प्रोटीन’ हे शब्द वारंवार वाचावे लागत. त्यांचा अर्थ शोधीत शोधीत मी डॉ. शेरॉन मेनार्ड या अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञ बाईंच्या कामापर्यंत पोचलो.

या रोगाला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर किंवा त्याच्याही पुढे जातो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि दुर्लक्ष झाल्यास झटके येऊन आई व मूल दोघेही दगावू शकतात. लंडनच्या डॉ. लिव्हर यांनी १८४३ साली झटके येणाऱ्या स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन पाहिले होते. १९५९ साली शिकागोचे स्पार्गो व त्यांचे सहकारी यांनी मूत्रपिंडाच्या गाळणीतील बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजलेले दाखविले. म्हणजे जखम दिसत होती, पण ती करणारा सापडत नव्हता. मूल आणि वार बाहेर पडली की रोग ओसरतो, एवढे मात्र सर्वांस ठाऊक होते. तेव्हा संशय वारेवर होता, पुरावा नव्हता.

बोस्टन येथे डॉ. अनंत करुमंची यांच्या प्रयोगशाळेत तो पुरावा पुढे आला. करुमंची मूत्रपिंडाचेच डॉक्टर. वैद्यकीचे शिक्षण मद्रासला झालेले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावर पहिले नाव मेनार्डबाईंचे आहे. त्यांना असे आढळले की, आजारी स्त्रियांच्या वारेतून ‘एस-फ्लट-१’ नावाचे प्रथिन फार प्रमाणात रक्तात उतरते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणारी जी द्रव्ये रक्तात असतात, त्यांना हे प्रथिन गाठून धरते. अस्तराचे जणू रेशनच बंद होते! मूत्रपिंडाच्या गाळणीला या द्रव्यांची गरज मोठी, म्हणून तिला झळ लागते.

मग त्यांनी हेच प्रथिन उंदीरवर्गातील प्राण्यांच्या शरीरात वाढविले. रक्तदाब चढला, लघवीत प्रथिने आली, गाळणीत तीच सूज दिसली. आणि मला सर्वांत पटलेली गोष्ट ही की, गाभण नसलेल्या माद्यांतही हेच घडले. गर्भ नाही, वार नाही, तरी रोगाची लक्षणे हजर! आरोपी ओळखण्यास याहून चांगली साक्ष कोणती हवी?

२००४ साली आणखी एका अभ्यासात दिसले की, लक्षणे उमटण्याआधी सुमारे पाच आठवडे हे प्रथिन रक्तात वाढू लागते. त्यावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने २०२३ साली मान्यता दिली. शोध ते चाचणी, वीस वर्षे लागली. औषध मात्र अद्याप निघालेले नाही. प्रसूती हाच उपाय आहे.

मेनार्डबाई पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापक झाल्या. २००९ साली त्यांनी डॉ. थधानी यांच्यासह गरोदरपणातील मूत्रपिंडावर एक लेख लिहिला. प्रसूतीचे डॉक्टर आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर यांच्यामधली भिंत असे लेख थोडी खाली आणतात. नवा शोध लावणाऱ्याने तो शिकवावयासही बसावे, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आता आपल्या गावाकडे. एका कारखान्यात मुकादमाने एका बाईला सांगितले, “पाय सगळ्यांचेच सुजतात, ठोक्याला बस.” पाय सुजतात हे खरेच, पण त्यासोबत डोके ठणकते काय, डोळ्यांपुढे अंधारी येते काय, हे त्याने विचारले नाही. ती चाचणी महाग असेल, पण रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी महाग नाही. मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतिभत्त्याचा कायदा केला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा ठेवली. ती दाखल्यावाचून मिळत नाही. तेव्हा तपासणीला गेलेल्या बाईने रक्तदाबाचा आकडा तारखेसह कागदावर लिहून मागावा.