काठ बघा, चेहरा नंतर

सम्राटाचा मुखडा हुबेहूब उतरला की चांदीचा रोमन देनारियस झाला, असं समजणारे नकलाकार पुष्कळ. जाणकार मात्र नाणं चिमटीत धरून आधी त्याचा काठ उजेडाकडे फिरवतो.

नाणं कोणतं, हे ठरवणं त्या मानाने सोपं. इसवी सनपूर्व 2 पासून लुग्दुनमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्याँच्या टांकसाळीत पडलेला ऑगस्टसचा देनारियस घ्या. पुढे सम्राट, मागे त्याने दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुसियस, दोघांमध्ये ढाली नि भाले, वर यज्ञातली पळी आणि शकुन बघणाऱ्या पुरोहिताचा वाकडा दंड. कडेची अक्षरं लावून ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’चा पहिला खंड उघडला की ऑगस्टस, क्रमांक 207 सापडतो.

मग तराजू. त्या काळी एका रोमन पौंडात 84 देनारियस बसत, म्हणजे नगाला जेमतेम 3.9 ग्रॅम. वापरातलं नाणं थोडं झिजणारच. वेगवेगळ्या राजांची नाणी, पण वजन सारखं, याचं सिंहलद्वीपाच्या राजाला कौतुक वाटल्याचं रोमन लेखक प्लिनीने लिहिलं आहे. गंमत अशी, की प्लिनीच्याच हयातीत, इसवी सन 64च्या सुमारास, नीरोने पौंडामागे 96 नाणी पाडून ते वजन घटवलं.

खरा निवाडा भिंगाखाली. अस्सल नाणं हातोड्याच्या घावाने पडतं. चांदी बाहेरच्या अंगाला सरकते, अक्षरांच्या बुडाशी बारीक ताण दिसतो, काठाला चिरा जातात. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरं गुळगुळीत, पृष्ठभागावर हवेची बारीक छिद्रं आणि काठावर घासून टाकलेला सांधा. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात. पण चीर, ओरखडा आणि काठाचं वळणही तंतोतंत जुळलं तर निदान एक तरी नक्कीच ओतीव.

तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी रोमन काळातही होती. तांबं चांदीहून हलकं, त्यामुळे तराजू संशय घेतो. पत्रा फुटला की हिरवट डाग उरलेलं सांगतो.

गायस-लुसियसचं हे नाणं दक्षिण भारतातल्या साठ्यांत भरपूर सापडतं. आपल्याकडे मिळालेल्या रोमन नाण्यांपैकी काहींवर छिन्नीचे जुने घाव आहेत. संग्राहक नाक मुरडतात, भावही पडतो. परीक्षकाला मात्र तिथे चांदी आत कुठवर गेली आहे, ते भिंगातून थेट बघता येतं.