भीतीसकट उड्डाण

मुंबईच्या धावपट्टीवरून विमान सुटतं, पाठ खुर्चीला चिकटते, चाकांची धडधड थांबते आणि बघता बघता झोपडपट्ट्यांचे निळे पत्रे खाली राहतात. जेमतेम मिनिटभर जातं न जातं तोच इंजिनांचा आवाज एकदम उतरतो. पोटात खड्डा पडतो, विमानाचं नाक खाली झुकल्यासारखं वाटतं. ज्याला विमानाची भीती आहे, त्याच्या मनात त्या क्षणी एकच विचार येतो: इंजिन बंद पडलं.

प्रत्यक्षात विमान तेव्हाही वरच चढत असतं. जमीन सोडताना इंजिनांचा भरपूर रेटा लागतो. साधारण हजार-दीड हजार फूट उंची गाठली की तो रेटा ठरल्याप्रमाणे कमी केला जातो. वैमानिक नाक किंचित खाली घेऊन वेग वाढवतात आणि पंखांचे फ्लॅप आत ओढून घेतात. प्रत्येक उड्डाणात जवळजवळ हाच क्रम असतो.

मग पडल्यासारखं का वाटतं? आपल्या अंतर्कर्णात एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. डोकं कललं की ते सरकतात आणि शरीराचा वेग बदलला तरीही सरकतात. यातलं नेमकं काय घडलं, हे केवळ त्यांच्या संदेशावरून मेंदूला कळत नाही; त्यासाठी तो डोळ्यांची मदत घेतो. बंद केबिनमध्ये क्षितिज दिसत नाही. त्यामुळे वेगवाढ मंदावली की मेंदू त्याचा अर्थ 'आपण खाली चाललो' असा लावतो. हा भ्रम इतका पक्का असतो की वैमानिकांना प्रशिक्षणात तो मुद्दाम शिकवतात आणि अशा वेळी शरीरावर नव्हे, उपकरणांवर विश्वास ठेवायला सांगतात.

विमानाच्या भीतीची सुरुवात बहुतेकदा अशी शरीरातून होते, म्हणून तिला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. आकाशगंगाभर पसरलेल्या साम्राज्याच्या कथा लिहिणारे आणि जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले आयझॅक असिमोव्ह आयुष्यात फक्त दोनदा विमानात बसले, एकदा नौदलाच्या संशोधन केंद्रात काम करताना आणि एकदा सैन्यात असताना. नेदरलँड्सचा फुटबॉलपटू डेनिस बर्गकॅम्प 1994 च्या विश्वचषकानंतर विमानात बसायचा थांबला आणि युरोपातल्या कितीतरी सामन्यांना मुकला. बुद्धी किंवा धैर्य कमी असल्याने ही भीती येत नाही.

धोका किती, धास्ती किती

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळलं. विमानातल्या 242 पैकी 241 जण गेले, जमिनीवरच्या लोकांचेही प्राण गेले. मृतांमध्ये महाराष्ट्रातले प्रवासी आणि कर्मचारी होते. ती दृश्यं आपण दिवसभर पाहिली. त्यानंतर कुणाला विमानात बसताना धस्स झालं, तर त्यात गैर काय?

एखादी घटना जितकी चटकन आणि ठसठशीत आठवते, तितकी ती वारंवार घडते असं आपल्याला वाटू लागतं, हे आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमान यांनी 1973 मध्ये दाखवलं. सुखरूप उतरलेल्या विमानाचं दृश्य कुणी टीव्हीवर दाखवत नाही, त्यामुळे ते स्मरणातही राहत नाही. एमआयटीचे अर्नोल्ड बार्नेट यांच्या 2024 मधल्या अभ्यासानुसार, 2018 ते 2022 या काळात जगभरात व्यावसायिक विमानात बसणाऱ्या दर 1 कोटी 37 लाख प्रवाशांमागे एकाचा मृत्यू झाला. 1968 ते 1977 या दशकात हेच प्रमाण साडेतीन लाखांमागे एक होतं. भारतात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं दगावली, म्हणजे दिवसाला सरासरी 460 हून अधिक.

या दोन धोक्यांत फसगत झाली तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर असंख्य लोकांनी विमान टाळून मोटारी काढल्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या हिशेबानुसार त्यानंतरच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीचे मृत्यू झाले.

विमानप्रवास इतका सुरक्षित आपोआप झालेला नाही. 1934 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बास सामुद्रधुनीवर एक प्रवासी विमान नाहीसं झालं. त्यात नऊ वर्षांच्या डेव्हिड वॉरनचे वडील होते. हाच मुलगा पुढे शास्त्रज्ञ झाला. 1950 च्या दशकात जेट विमानांच्या अपघातांचा तपास चालू असताना वैमानिकांचं बोलणं आणि उपकरणांच्या नोंदी अपघातातूनही टिकतील असं यंत्र त्याने बनवलं. तोच आजचा ब्लॅक बॉक्स. प्रत्येक अपघाताचा तपास करायचा, त्यातून नियम, आराखडा किंवा प्रशिक्षण बदलायचं, अशी विमानविद्येची शिस्त आहे. आजचा प्रवासी जिच्या भरवशावर बसतो ती सुरक्षितता अनेक घरांच्या दुःखातून उभी राहिली आहे.

हादरे आणि आवाज

भीती वाटणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतात ते हवेतले हादरे. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर उठतात. पावसाळ्यात पश्चिमेचे वारे सह्याद्रीवर आदळून वर चढतात आणि ढगांत खळबळ माजते. पुणे-मुंबईकडे उतरताना जाणवणारे धक्के पुष्कळदा याचेच असतात. पावसाचे ढग विमानाच्या रडारवर दिसतात, स्वच्छ हवेतले हादरे मात्र दिसत नाहीत.

21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग 777 म्यानमारवर 37,000 फूट उंचीवर हादऱ्यांच्या एका तडाख्यात सापडलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. विमान हजारो फूट कोसळल्याच्या बातम्या आल्या. तपासातल्या नोंदींत मात्र दिसलं की, त्या झटक्यात विमान पाच सेकंदांपेक्षा कमी वेळात 178 फूट खाली आलं होतं. पट्टा न बांधलेली माणसं छताकडे फेकली गेली. विमान शाबूत राहिलं आणि बँकॉकला उतरलं. हादऱ्यांतला खरा धोका असा केबिनच्या आत असतो आणि त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आपल्या कमरेशीच असतो. पट्टा बांधण्याच्या सूचनेचा दिवा विझला तरी पट्टा सैलसर बांधून ठेवा. हवामानबदलाने या सल्ल्याचं महत्त्व वाढवलं आहे. 1979 ते 2020 या काळात उत्तर अटलांटिकवरचे स्वच्छ हवेतले तीव्र हादरे 55 टक्क्यांनी वाढल्याचं इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं आहे.

आणि पंख? खिडकीतून ते वर-खाली होताना पाहून अनेकांचा धीर सुटतो. ते लवचीकच बनवलेले असतात. उड्डाणात अपेक्षित असलेल्या सर्वाधिक भाराच्या दीडपट भार त्यांनी पेलला पाहिजे, असा नियम आहे. 2010 मध्ये बोइंग 787 च्या चाचणीत हे पंख सुमारे 25 फूट वर वाकवले होते.

आवाजांचंही तसंच. आपल्याकडे एअरबस 320 जातीची विमानं खूप आहेत. ही विमानं जमिनीवर हळूहळू पुढे सरकत असताना पायांखालून करवत चालवल्यासारखा खरखरणारा आवाज कधी कधी येतो. इंधन वाचवण्यासाठी तेव्हा एकच इंजिन चालू ठेवलेलं असतं आणि दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सारखा राखणारा पंप काम करत असतो. ज्या आवाजाचं कारण ठाऊक असतं, तो पुन्हा ऐकू आला तरी मन सैरभैर होत नाही.

टाळण्याची किंमत

एवढं समजल्यावरही अनेकांची भीती जात नाही, कारण ती आकडेवारी समजणाऱ्या मेंदूच्या भागात राहत नाही. मेंदूच्या खोल भागात बदामाच्या आकाराचा अमिग्डला असतो. धोक्याची चाहूल लागताच तो विचारपूस न करता शरीराला सज्ज करतो: छाती धडधडते, तळवे घामेजतात, श्वास वाढतो. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. 'हार्ट अटॅक तर नाही ना?' या शंकेने भीती दुप्पट होते, श्वास आणखी वाढतो. पॅनिक अटॅकचं हे दुष्टचक्र ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं. त्याचा कळस काही मिनिटांत गाठला जातो आणि मग ते उतरू लागतं.

अडचण अशी की तो उतार अनुभवण्याआधीच माणूस पळ काढतो. तिकीट रद्द केलं की जिवात जीव येतो. तो सुटकेचा निःश्वास हेच मेंदूला मिळालेलं बक्षीस ठरतं. टाळलं म्हणून वाचलो, असा धडा तो गिरवतो आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. मुलांकडे अमेरिकेला जायचं म्हणून पासपोर्ट काढलेले आणि नातवाचं बारसं व्हिडिओ कॉलवर पाहिलेले आजी-आजोबा आपल्यातही आहेत. त्यांचं नुकसान कुठल्याही अपघाताच्या आकडेवारीत येत नाही, पण ते नुकसानच असतं.

मग एखादी गोळी घेऊन बसावं का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले फ्रँक विल्हेल्म आणि वॉल्टन रॉथ यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. विमानाची भीती असलेल्या स्त्रियांना त्यांनी आठवड्याच्या अंतराने दोनदा विमानातून नेलं. पहिल्या खेपेला काहींना अल्प्राझोलाम हे शामक दिलं होतं, इतरांना औषध नसलेली गोळी. शामक घेतलेल्यांना तेव्हा कमी भीती वाटली. पण दुसऱ्या खेपेला, औषधाविना, त्यांच्यापैकी 71 टक्क्यांना पॅनिक अटॅक आले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 29 टक्के होतं. पहिला प्रवास गोळीच्या छायेत गेल्याने मेंदू त्यातून काही शिकलाच नव्हता. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध मनानेच बंद करू नये. पण विमानाच्या भीतीसाठी दुकानातून परस्पर शामकं घेणं चुकीचं आहे आणि त्यावर मद्य घेणं धोक्याचं.

मेंदूला नवा धडा

उपचार उलट दिशेने जातो. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याची पद्धत मांडली. आजची एक्स्पोजर थेरपी तिचीच पुढची पिढी. विमानाची चित्रफीत पाहायची, विमानतळावर जाऊन बसायचं, मग छोटा प्रवास करायचा. प्रत्येक पायरीवर भीती वाटणार हे धरूनच चालायचं आणि ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एका गटाला विमानतळावर उभ्या विमानात बसवून, तर दुसऱ्याला आभासी विमानात बसवून हे उपचार दिले. आठ बैठका झाल्या. दोन्ही पद्धतींचा गुण सारखाच आला आणि सहा महिन्यांनंतर पाहिलं तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी 93 टक्के लोक विमानातून जाऊन आले होते.

या उपचाराने जुनी भीती पुसली जात नाही. 'हे सुरक्षित आहे' अशी नवी स्मृती तिच्याशेजारी तयार होते आणि मेंदूचा पुढचा भाग तिच्या आधाराने अमिग्डलाला आवर घालतो. बराच काळ विमानात बसलं नाही, तर जुनी स्मृती पुन्हा डोकं वर काढते. म्हणून एका प्रवासानंतर दुसरा लवकर करावा. भीती परत आली तरी उपचार फसला असं नाही, सराव तुटला इतकंच.

आधी आपली भीती नेमकी कोणती ते ओळखा. कुणाला अपघाताची धास्ती असते, कुणाला बंद जागेची, कुणाला उंचीची, तर कुणाला चारचौघांत आपला तोल जाईल याची. बंद जागेची भीती असलेल्याला सुरक्षिततेचे आकडे सांगून उपयोग नाही. त्याने लिफ्टपासून सुरुवात करावी.

विमानात बसताना केबिन क्रूला सांगा. भ्यालेला प्रवासी त्यांना नवा नसतो. धडधड वाढली की चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा मोजत सावकाश सोडा. केबिनमधला हवेचा दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीइतका ठेवतात, म्हणजे 1,646 मीटरच्या कळसूबाई शिखराहून थोडं वर. निरोगी माणसाला तिथे हवा कमी पडत नाही. खुर्चीचे हात घट्ट आवळू नका. भीतीशी झटापट करण्यापेक्षा 'ये, बस' म्हणून तिला शेजारी जागा दिली तर ती लवकर थकते. हे एकट्याने जमत नसेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, मराठीतूनही बोलता येतं.

घरच्यांनाही एक विनंती आहे. 'काही होत नाही हो' म्हणून विषय संपवू नका, हसू तर अजिबात नका. नेमकं कशाचं वाटतं ते विचारा आणि पहिल्या खेपेला सोबत जा. भीती पूर्ण गेल्यावर निघू, असं म्हणणाऱ्याचा प्रवास होत नाही, कारण ती जाते ती प्रवासातच. अमेरिकेच्या सतरा-अठरा तासांपासून सुरुवात कशाला? मुंबईहून गोव्याचं किंवा नागपूरचं तिकीट काढा, तारीख पक्की करा, आणि परतीचं तिकीटही विमानाचंच काढा.